गोऱ्या चॅम्पियनची वाट बघणारं मार्केट: होम्स विरुद्ध कूनी, 1982

"बॉक्सिंग संपलं आता" हे वाक्य दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी टाकतंच, आणि खाली कारणंही ठरलेली असतात, बेल्ट, म्हणजे वेगवेगळ्या संघटनांची टायटलं, फार झाले, मॅच बघायला वेगळे पैसे मोजावे लागतात, मोठे बॉक्सर एकमेकांशी लढतच नाहीत वगैरे. कारणं खरी आहेत. पण मला कित्येक वर्षं एक जुना प्रश्न सतावतोय की फॅन जीव लावतो तो नेमका कशाला, खेळाला, त्या माणसाला, की तो माणूस आपल्यातला दिसतो म्हणून? यासाठी एकच मॅच घेऊन ती नीट उलगडून बघायची असं ठरवलं. लॅरी होम्स विरुद्ध जेरी कूनी, हेवीवेट म्हणजे सर्वात जड वजनगटाच्या जागतिक टायटलची मॅच, 11 जून 1982, लास व्हेगास. मॅनेजर, पत्रकार, आयोजक यांची बहुतेक नावं मुद्दाम घेतलेली नाहीत कारण मला कोणावर खटला भरायचा नाही, निर्णय कसे घेतले गेले ते बघायचंय.

पार्श्वभूमी

लॅरी होम्स 1949 चा, जन्म जॉर्जिया राज्यातला, वाढला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन नावाच्या छोट्या शहरात. सातवीत शाळा सुटली, गाड्या धुवायच्या कामाला लागला. नंतर बॉक्सिंगमध्ये आला तो मुहम्मद अलीचा स्पारिंग पार्टनर म्हणून, म्हणजे रोज अलीसमोर उभं राहून मार खायचा आणि शिकायचा. त्याचा जॅब, डाव्या हाताचा सरळ ठोसा, हेवीवेटच्या इतिहासातल्या सर्वोत्तम जॅबपैकी एक मानला जातो आणि माझ्या मते तोच सर्वोत्तम.

9 जून 1978 ला त्याने केन नॉर्टनला हरवून डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचं जागतिक टायटल घेतलं. 15 राउंड, आणि तिन्ही जजच्या कार्डावर फरक एका पॉइंटचा, दोघांनी 143–142 होम्सला दिली, तिसऱ्याने तेवढ्याच फरकाने नॉर्टनला. म्हणजे सगळं शेवटच्या राउंडवर आलेलं आणि तो राउंड आजही लोक शोधून शोधून बघतात. अशा लढतीतून चॅम्पियन झालेल्या माणसाला लोकांनी डोक्यावर घ्यायला हवं होतं ना? तसं झालं नाही. अलीनंतर येणाऱ्या कोणाच्याही नशिबी हेच असतं असं म्हणता येईल, शिवाय ऑक्टोबर 1980 मध्ये त्याला 38 वर्षांच्या, थकलेल्या अलीशीच लढावं लागलं. दहाव्या राउंडनंतर अलीच्या कॉर्नरमधल्या ट्रेनरने मॅच थांबवली आणि जिंकलेला होम्स रडला. लोकांना मात्र एवढंच लक्षात राहिलं की याने आमच्या अलीला मारलं.

दुसरीकडे जेरी कूनी. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या हंटिंग्टनचा, आयरिश वंशाच्या कामगार घरातला मुलगा, साडेसहा फूट उंच, लेफ्ट हूक, म्हणजे डाव्या हाताचा बाजूने वळवून मारलेला ठोसा, असा की लागला तर समोरचा परत उठेल की नाही सांगता येत नाही. मे 1981 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला त्याने त्याच केन नॉर्टनला 54 सेकंदांत संपवलं. ज्या नॉर्टनला हरवायला होम्सला 15 राउंड लागले तो एका मिनिटाच्या आत दोरांवर कोसळलेला, मग न्यूयॉर्कच्या पोरांनी हवेत उडायचं नाही तर काय करायचं.

आणि कूनी गोरा होता. 1956 मध्ये रॉकी मार्सियानो निवृत्त झाला त्यानंतर एकही गोरा अमेरिकन हेवीवेट चॅम्पियन झालेला नव्हता, 26 वर्षं. मधे स्वीडनचा इंगेमार योहान्सन वर्षभरासाठी येऊन गेला तेवढाच. ही वाट बघण्याची सवय तर त्याहून जुनी. 1908 मध्ये सिडनीत जॅक जॉन्सन पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन झाला तेव्हापासून "कोणीतरी गोरा शोधा आणि याला पाडा" ही मोहीमच सुरू झाली, निवृत्त जिम जेफ्रीजला शेतावरून परत आणलं, 4 जुलै 1910 ला रीनोमध्ये जॉन्सनने त्याला 15 व्या राउंडमध्ये लोळवलं आणि त्या रात्री अमेरिकेतल्या कितीतरी शहरांत दंगली झाल्या, माणसं मेली. 1912 मध्ये तर बॉक्सिंगच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच कायद्याने बंदी घातली, ती 1940 पर्यंत टिकली. म्हणजे 1982 मध्ये ज्यांनी हे दुकान उघडलं त्यांना आत काय माल आहे ते माहीत नव्हतं असं म्हणता येत नाही.

अडचण नेमकी काय होती

तिघांच्या तीन अडचणी होत्या.

होम्सची अशी की 39 मॅच, 39 विजय, 11 वेळा टायटल राखलेलं, तरी तिकीट खपवायला त्याचं नाव पुरेसं पडत नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं. त्याला मोठा पैसा फक्त कूनीसमोर मिळणार होता.

कूनीच्या बाजूची अडचण मला जास्त गंभीर वाटते आणि त्यावर तेव्हा फारसं कोणी बोललं नाही. 25 पैकी 25 जिंकलेला, पण राउंड किती खेळला? मे 1980 मध्ये जिमी यंगबरोबर 4, त्याच वर्षी रॉन लाइलबरोबर 1, मग नॉर्टनचे ते 54 सेकंद. दोन वर्षांत जेमतेम सहा राउंड. त्याच काळात होम्सने पाच मॅचमध्ये मिळून 46 राउंड काढले होते. कूनी आयुष्यात आठव्या राउंडच्या पुढे गेलेला नव्हता आणि त्याला 15 राउंडच्या मॅचला उभं करायचं होतं.

तिसरी अडचण खेळाची. तेव्हाच चॅम्पियन दोन होते, डब्ल्यूबीसीचा होम्स आणि डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा माइक वीव्हर, ज्याला होम्सने 1979 मध्येच हरवलेलं. साध्या माणसाला कोण खरा चॅम्पियन हे सांगताना फॅनची दमछाक व्हायची. अली रिंगमधून गेला होता. अशा वेळी लोकांना परत खेचून आणायला काहीतरी सोपं, एका ओळीत सांगता येईल असं हवं होतं.

समोर कोणते पर्याय होते

कूनीच्या मॅनेजरांकडे दोन वाटा होत्या. एक, वर्षभर थांबून त्याला दोन-तीन दमदार बॉक्सरशी लढवायचं, कोणीतरी त्याला दहा राउंड ओढत नेईल, हरला तरी शिकेल. दुसरी, शून्य पराभव हा आकडा जपायचा, कुठेही धोका घ्यायचा नाही आणि थेट होम्स. पहिल्या वाटेत रेकॉर्डला डाग लागायची भीती आणि डाग लागला की दहा मिलियन डॉलरची मॅच गेली. त्यांनी दुसरी वाट घेतली. नॉर्टननंतर एकही मॅच नाही, त्यात मार्च 1982 ची तारीख ठरलेली असताना खांद्याला दुखापत झाली आणि मॅच जूनवर गेली. 13 महिने रिकामे.

होम्सकडे नकार द्यायचा पर्याय होता, निदान पैशावरून अडून बसायचा. चॅलेंजरला चॅम्पियनएवढीच पर्स, म्हणजे लढतीचं मानधन, द्यायचं ठरलं होतं, प्रत्येकी साधारण 10 मिलियन डॉलर, आणि हे बॉक्सिंगमध्ये सहसा होत नाही. ज्याने एकही टायटल मॅच खेळलेली नाही त्याला 11 वेळा टायटल राखणाऱ्याएवढे पैसे का, याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं, होम्सलाही. त्याने ते बोलून दाखवलं आणि तरीही सही केली. यात त्याला दोष देणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की गाड्या धुण्यापासून सुरुवात केलेल्या माणसाने तत्त्वासाठी दहा मिलियन सोडायचे आणि मग घरी बसून काय करायचं?

आयोजकांपुढचा पर्याय हा मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. मॅच रंगाशिवाय विकता आली असती. दोन्ही अपराजित, एकाकडे जगातला सर्वोत्तम जॅब, दुसऱ्याकडे सर्वात भयानक लेफ्ट हूक, एक 32 वर्षांचा, एक 25 चा. जॅब हूकला लांब ठेवतो की हूक जॅबच्या वरून येतो, हा प्रश्नच इतका भारी आहे की त्यावर आम्ही अजूनही तासन् तास भांडू शकतो. पण हे समजवायला वेळ लागतो, आणि "गोरा विरुद्ध काळा" समजवायला सेकंदही लागत नाही.

काय केलं गेलं

रंग विकला गेला. प्रमोटर डॉन किंग स्वतः कृष्णवर्णीय होता आणि त्यानेही विकला, कूनीच्या मॅनेजरांनीही विकला. कूनीला स्वतःला ते आवडत नव्हतं, तो तेव्हाही हे टाळायचा आणि नंतर आयुष्यभर सांगत आला की मला त्यात ओढलं गेलं. होम्सनेही त्या काळात रंगावरून कडवट बोलून घेतलं, त्यामुळे आगीत तेलच पडलं.

टाइम मासिकाच्या कव्हरवर कूनी आला, सोबत कोण तर सिल्व्हेस्टर स्टॅलोन. पडद्यावरचा बॉक्सर आणि चॅलेंजर. ज्याच्याकडे बेल्ट आहे तो नाही. गोरे वर्चस्ववादी गट आणि त्यांच्या धमक्या यांच्या बातम्या येत होत्या. सीझर्स पॅलेसच्या मोकळ्या जागेत उभारलेल्या स्टेडियममध्ये जवळपास 30 हजार लोक आणि आजूबाजूच्या छतांवर पोलिसांचे बंदूकधारी. कूनी जिंकला तर राष्ट्राध्यक्ष रेगन यांना अभिनंदन करता यावं म्हणून त्याच्या ड्रेसिंग रूममध्ये फोनची लाइन टाकली होती आणि होम्सच्या रूममध्ये नव्हती, हे नंतर कितीतरी ठिकाणी छापून आलं.

आणि एक छोटी गोष्ट, बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. बॉक्सिंगमध्ये रिंगमध्ये ओळख करून देताना चॅलेंजरचं नाव आधी आणि चॅम्पियनचं शेवटी घेतात. मान असतो तो. त्या रात्री होम्सचं नाव आधी घेतलं, कूनीचं शेवटी. चार वर्षं चॅम्पियन असलेला माणूस कोपऱ्यात उभा राहून चॅलेंजरच्या आधी घेतलेलं स्वतःचं नाव ऐकतोय आणि 30 हजार लोक त्याच्यानंतरच्या नावाची वाट बघतायत. मी ते फुटेज बघतो तेव्हा दरवेळी तिथेच थांबतो. पर्सचं एक वेळ समजू शकतं, तो धंदा आहे, पण हे कशासाठी केलं? यातून एक डॉलरही जास्त मिळणार नव्हता.

प्रत्यक्ष मॅच

दुसऱ्याच राउंडमध्ये होम्सच्या राइटने कूनी खाली बसला. इथेच संपलं असं वाटलेल्यांना पुढचा पाऊण तास कूनीने चुकीचं ठरवलं. उठला, सावरला आणि लढला. उन्हाळ्यातली वाळवंटातली संध्याकाळ, त्यात मोठमोठे दिवे, आणि जो माणूस कधी नवव्या राउंडमध्ये गेलेला नाही तो दहाव्या, अकराव्या, बाराव्यात उभा आहे. त्याचे हूक शरीरावर बसत होते, पण थकत गेला तसे खाली घसरायला लागले, कंबरेच्या खाली. रेफ्री मिल्स लेनने नवव्या राउंडमध्ये दोन आणि अकराव्यात एक असे तीन पॉइंट कापले.

तेराव्या राउंडमध्ये होम्सने त्याला दोरांवर गाठलं, ठोशांवर ठोसे, कूनी हळूहळू खाली सरकायला लागला आणि त्याचा ट्रेनर व्हिक्टर व्हाये रिंगमध्ये शिरला, आपल्या पोराला मिठीत घेऊन मॅच थांबवली. वेळ 2 मिनिटं 52 सेकंद. कूनीने नंतर लोकांची माफी मागितली. 13 राउंड जगातल्या सर्वोत्तम हेवीवेटसमोर उभं राहिलेल्या 25 वर्षांच्या मुलाला माफी मागावीशी वाटली, कारण त्याच्या डोक्यावर एका अख्ख्या समाजाचा अभिमान ठेवून त्याला आत पाठवलं होतं.

आता स्कोअरकार्ड बघा. 12 राउंडनंतर दोन जजकडे होम्स 113–111 ने पुढे, तिसऱ्याकडे 115–109 ने. ते कापलेले तीन पॉइंट कूनीला परत देऊन बघा, पहिल्या दोघांकडे 114–113, कूनी पुढे. मॅच बघणाऱ्या बहुतेकांना होम्स स्पष्ट पुढे वाटत होता, मलाही वाटतो. मग हे कार्ड कुठून आले? जज लोकांनी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण 30 हजारांचा आवाज एका बाजूला असला की जवळच्या राउंडमध्ये कोणाचा ठोसा कानाला मोठा ऐकू येतो, हे जो कोणी रिंगजवळ बसलाय त्याला सांगायला नको. समजा तो 15 राउंड टिकला असता, तीन पॉइंट कापले नसते आणि निकाल कूनीकडे गेला असता, तर त्या रात्री व्हेगासमध्ये आणि बाहेर काय झालं असतं याचा विचार करवत नाही.

पुढे काय झालं

पैसा सगळ्यांना मिळाला. त्या अर्थाने प्रमोशन यशस्वी.

कूनी मात्र 27 महिने रिंगमध्ये आलाच नाही. नंतरच्या संपूर्ण करिअरमध्ये पाच मॅच, त्यातल्या शेवटच्या दोन मोठ्या, 1987 मध्ये मायकल स्पिंक्स आणि 1990 मध्ये जॉर्ज फोरमन, दोन्ही हरला. मधल्या काळात दारूने त्याला खाल्लं, हे तो स्वतःच मोकळेपणाने सांगतो. आणि ते हजारो लोक, टीशर्ट घालून आलेले? ते कूनीसोबत थांबले नाहीत, दुसऱ्या कोणा बॉक्सरकडेही गेले नाहीत. गोरा चॅम्पियन मिळणार नाही म्हटल्यावर त्यांचं इथलं काम संपलं होतं.

होम्सलाही त्या विजयाने प्रेम मिळालं नाही. सप्टेंबर 1985 मध्ये तो 48–0 असताना स्पिंक्सकडून हरला, एक मॅच जिंकली असती तर मार्सियानोच्या 49–0 शी बरोबरी झाली असती. हरल्यावर रागाच्या भरात तो मार्सियानोबद्दल नको ते बोलला, नंतर त्याने माफी मागितली, पण लोकांनी आधीचे 48 विजय बाजूला ठेवून ते एक वाक्य धरून ठेवलं. चुकीचं बोलला यात शंका नाही. पण ज्याला इतकी वर्षं कोणत्या ना कोणत्या गोऱ्या नावाशीच मोजलं गेलं त्याचा तोल त्याच नावावर जावा, यात मला आश्चर्य वाटत नाही.

खेळाचं काय झालं ते त्याच वर्षाच्या कॅलेंडरवर दिसतं. 13 नोव्हेंबर 1982, त्याच सीझर्स पॅलेसमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम दुक-कू 14 व्या राउंडमध्ये कोसळला आणि काही दिवसांत गेला, ही मॅच देशभर टीव्हीवर लाइव्ह चालू होती. त्यानंतर डब्ल्यूबीसीने टायटल मॅच 15 वरून 12 राउंडच्या केल्या, बाकीच्यांनीही पुढे तेच केलं. 26 नोव्हेंबरला ह्यूस्टनमध्ये होम्सची पुढची मॅच झाली, टेक्स कॉब 15 राउंड नुसता मार खात राहिला, आणि त्या काळातला अमेरिकेतला सर्वात मोठा क्रीडा समालोचक हॉवर्ड कोसेल त्यानंतर प्रोफेशनल बॉक्सिंगच्या मायक्रोफोनवर परत आलाच नाही. हळूहळू फुकट दिसणाऱ्या चॅनेलवरून बॉक्सिंग केबलवर आणि पैसे भरून बघायच्या मॅचवर गेलं. 1983 मध्ये आयबीएफ ही आणखी एक संघटना आली, होम्सच डब्ल्यूबीसी सोडून तिकडे गेला, 1988 मध्ये डब्ल्यूबीओ. शेवटी 2018 मध्ये एचबीओने आणि 2023 मध्ये शोटाइमने बॉक्सिंग दाखवणंच बंद केलं.

हे सगळं त्या एका मॅचमुळे झालं असं मी अजिबात म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच की वाईट दिवस आले तेव्हा थांबणारा फॅन हवा होता, आणि जून 1982 मध्ये जी प्रचंड गर्दी गोळा केली तिला होम्सचा जॅब बघायला कोणी शिकवलंच नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वात आधी कूनीला दोन खऱ्या मॅच द्यायला हव्या होत्या, दहा राउंडच्या. माझं ठाम मत आहे की 1981 च्या शरदात तो एखाद्या चिवट बॉक्सरशी दहा राउंड लढला असता तर होम्ससमोर त्याचे हूक इतके खाली गेले नसते आणि त्याचं करिअरही एका रात्रीवर टांगलेलं राहिलं नसतं. त्याच्या माणसांनी रेकॉर्ड जपला, बॉक्सर जपला नाही.

होम्सच्या बाजूने पर्सपेक्षा रिंगमधल्या क्रमावर अडून बसायला हवं होतं. करारात एक ओळ लागली असती. पैसे समान द्या, ठीक, पण नाव शेवटी माझंच. ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या लक्षात आली नसेल असं वाटत नाही, किंमत दिली गेली नाही इतकंच.

आयोजकांच्या बाबतीत मी थोडा अडखळतो. "आपला माणूस" हा भाव काढून टाकला तर बॉक्सिंगच उरत नाही, मेक्सिकन फॅन, आयरिश फॅन, पोर्तो रिकोचे फॅन, झेंडे घेऊन येणारी ही माणसंच हा खेळ जिवंत ठेवून आहेत आणि त्यांचं मला प्रेमच वाटतं. मेक्सिकन फॅन हरलेल्या बॉक्सरलाही शूर लढला म्हणून उचलून धरतात. मग फरक कुठे आहे? मला वाटतं, माझा माणूस जिंकावा म्हणून तिकीट काढणं आणि समोरच्या रंगाचा माणूस पडावा म्हणून तिकीट काढणं, यात.

आपल्याकडे याची झलक मुंबईतच दिसली होती. 5 ऑगस्ट 2017, वरळीचं एनएससीआय, विजेंदर सिंग विरुद्ध चीनचा झुल्पिकार मैमैतियाली, आणि तेव्हा डोकलामचा तणाव ऐन भरात. भारत-चीन अशीच हवा तापलेली, मीही घरी टीव्हीसमोर ओरडत होतो. विजेंदर थोडक्या फरकाने पॉइंट्सवर जिंकला आणि जिंकल्यावर म्हणाला की सीमेवर शांतता राहावी म्हणून हा बेल्ट परत द्यायलाही मी तयार आहे. त्या क्षणी मला कूनीचीच आठवण आली. बॉक्सर बहुतेक वेळा आपल्यापेक्षा शहाणे असतात, ज्याच्याशी अर्धा-पाऊण तास ठोसे वाटून घेतलेत त्याचा द्वेष करणं त्यांना जमत नाही.

होम्स आणि कूनी नंतर घट्ट मित्र झाले. कूनीने दारू सोडली आणि 1998 मध्ये निवृत्त बॉक्सरना कामधंदा, उपचार मिळवून देणारी संस्था काढली. ईस्टनमध्ये नदीकाठच्या रस्त्याला होम्सचं नाव आहे, 2015 मध्ये पुतळाही उभा राहिला, जॅब टाकताना. दोघं कित्येक कार्यक्रमांना एकत्र दिसतात, आणि 11 जूनच्या त्याच मॅचचा फोटो घेऊन येणारे लोक दोघांनाही शोधतात, एकाची सही झाली की फोटो सांभाळत दुसऱ्याकडे जातात.